कॅलॅहन सरकार आणि पाच टक्के

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता हिस,

अनेक आशीर्वाद. ‘कॅलॅहन यांचे सरकार संपांनी पाडले,’ असे वाक्य ब्रिटनवरच्या निबंधात घालणार असल्याचे तू फोनवर म्हणालीस. ते मला अपुरे वाटते, म्हणून हे पत्र.

पगारवाढ किती मिळाली हे विचारण्याआधी बाजारभाव किती चढले ते पाहावे, असे गिरणीच्या हिशेबखात्यात आयुष्य काढलेले तुझे आजोबा म्हणत. १९७८ साली ब्रिटनमधील महागाई ८ टक्क्यांच्या आसपास होती आणि पंतप्रधान जेम्स कॅलॅहन यांनी पगारवाढीला ५ टक्क्यांची मर्यादा घातली; आजोबांनी तिला वाढ नव्हे, कपातच म्हटले असते. १९७५ मध्ये महागाईने २४ टक्क्यांची पातळी ओलांडली होती, पुढच्या वर्षी पौंड घसरल्यामुळे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरचे कर्ज मागावे लागले होते, आणि त्या काळात सरकारच्या वेतनमर्यादा कामगारांनी तीन वर्षे सोसल्या होत्या. चौथ्या वर्षीही तेच मागणे ही माझ्या मते कॅलॅहन यांची खरी चूक होती. फोर्डच्या कामगारांनी दोन महिन्यांच्या संपानंतर सुमारे १७ टक्के मिळवले, आणि मर्यादा मोडणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करण्याचा सरकारचा अधिकार डिसेंबरमध्ये संसदेनेच नाकारला. मग रुग्णालयांतल्या आणि नगरपालिकांच्या अल्पवेतन कामगारांनीच का थांबावे? २२ जानेवारी १९७९ रोजी सुमारे १५ लाख सरकारी व पालिका कर्मचारी संपावर गेले. लिव्हरपूलमध्ये तर काही काळ कबरी खोदायलाही माणूस नव्हता.

मात्र २८ मार्चला सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मताने पडले, तेव्हा त्याच हिवाळ्यातला मालमोटारचालकांचा संप केव्हाच मिटला होता. अविश्वास ठरावाचे निमित्त स्कॉटलंडचे होते: स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देण्याबाबतच्या १ मार्चच्या सार्वमतात होकाराचे मताधिक्य असूनही एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही, आणि सरकार पुढे सरकेना म्हणून स्कॉटिश राष्ट्रवादी विरोधात गेले. कॅलॅहन यांच्याच मजूर पक्षाचे मरणासन्न खासदार आल्फ्रेड ब्रॉटन यांना मतदानासाठी आणले नाही. हा निर्णय मला कॅलॅहन यांच्याबद्दल आदर वाटायला लावतो.

म्हणून संपांचा परिणाम त्या रात्रीच्या मतदानात शोधण्यापेक्षा ३ मेच्या निवडणुकीत शोध. तिथे विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला ३३९ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला २६९. निबंधाचा मसुदा झाला की पाठव.

तुझा,
बाबा