बुवा, तुम्ही कागद नवा घ्यायला लावलात

रामकृष्ण हरी, बुवा.

हे पत्र घरी आणून देता आलं असतं. पण आमच्या धनगरवाड्याला 'जंगलातलं अतिक्रमण' म्हणणाऱ्यांनी ते चारचौघांत म्हटलं, तेव्हा आभारही चारचौघांतच मानते. सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील.

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत वनहक्क कायद्याखाली आमच्या चराईच्या आणि पाणवठ्याच्या सामूहिक हक्काचा ठराव झाला. पुढं प्रांताधिकाऱ्यांच्या समितीत आणि जिल्ह्याला काय व्हायचं ते होईल. सभा भरली, याचंच आम्हाला अप्रूप. कोरमला निम्मं गाव लागतं, त्यात एक तृतीयांश बायका. डोंगरावरची आमची मूठभर घरं, निम्मं गाव आणायचं कुठून? हरिनाम सप्ताहात तुम्ही कीर्तन मध्येच थांबवून विचारलंत, "देवीची पालखी ज्यांच्या दारात टेकते, त्यांच्यासाठी एक दिवस रोजगार बुडवाल का नाही?" सभेच्या दिवशी बायकाच आधी येऊन बसल्या.

आम्ही गवळी धनगर. म्हशींवर आणि नाचणी-वरीवर जगणारे. साठच्या दशकात कोयनेचं पाणी चढलं आणि खालचं रान बुडालं. १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. दर खेपेला चराई आखडली, आणि विचारायला कुणी आलं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याचं ऐकून गेलो, तर एका कार्यालयातल्या साहेबांनी "तुम्ही आदिवासी नाही, भटक्या जमातीतले, हा कायदा तुमचा नाही" म्हणून दारातूनच वाटेला लावलं. कायद्याच्या नावातच 'इतर पारंपरिक वननिवासी' असं लिहिलेलं आहे. साहेबांनी नावसुद्धा पुरतं वाचलं नव्हतं! शहरातून एक निसर्गमंडळ आलं. त्यांनी म्हशींचे फोटो काढले, आमचं ताक प्यायले, आणि 'माणसं हलवली तरच जंगल वाचेल' असं निवेदन देऊन मोकळे झाले. ताक फार छान होतं म्हणाले.

आमच्यासारख्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. १९३० चा कागद गुरांमागं फिरणाऱ्यानं ठेवायचा कुठं? कराडचे निवृत्त वनस्पतिशास्त्राचे सर भेटले म्हणून कळलं, की देवाची जागा, जुनी विहीर हाही पुरावा धरतात. आणि दावा करणारे सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. सर पावसाळाभर जळवा झटकत वाघजाईच्या देवराईत फिरले. अंजनी, जांभूळ, हिरडा, एकेक झाड वहीत उतरवलं. धनेश कुठल्या झाडावर उतरतात ते आजीला विचारून टिपलं. "ही राई टिकली ती तुमचा वाडा शेजारी आहे म्हणून," असं सही करून दिलं. त्या मंडळाला यापेक्षा वेगळं उत्तर आम्ही दिलं नाही.

जबाबासाठी मात्र खालच्या गावातलं जुनं माणूस हवं होतं. तुम्ही या वयात चढण चढून आलात. खरं सांगू? याल असं वाटलं नव्हतं. तुम्ही माळकरी, आणि आमच्या वाघजाईला कोंबडं लागतं. त्यावरून गावातली तरणी माळकरी पोरं पालखीबरोबर वर यायची बंद झाली आहेत. तुम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाहीत. वडलांच्या खांद्यावर बसून पालखीला आलात ते सांगितलंत, पाणवठा कुठं होता ते सांगितलंत, आमच्या पणज्याचं नाव घेतलंत. मी लिहीत गेले.

सहीला पेन पुढं केला, तर म्हणालात, "आधी आक्काला वाचून दाखव."

आजी चुलीपाशी होती. 'पालखी वाड्यावर एक मुक्काम करी' इथं तिनं मान हलवली. "एक न्हाई, दोन. दुसऱ्या दिशी समद्या गावाला आमच्या नाचणीची भाकरी अन् दूध असायचं."

तुम्ही जरा वेळ डोळे मिटून आठवलंत. मग म्हणालात, "आक्काचं बरोबर. माझं चुकलं. खोड ते. नको, कागदच नवा घे."

मी सगळं पान पुन्हा लिहून होईपर्यंत तुम्ही अंधारात थांबलात. बुवा, आजीचा अंगठा आजवर पुष्कळ कागदांवर उठलाय. त्यात काय लिहिलंय ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. आणि हा तर तिचा कागदही नव्हता, तुमचा होता. पंचक्रोशी ज्यांच्या पाया पडते, त्यांचा जबाब एका धनगर म्हातारीच्या शब्दावर बदलला. त्या रात्री ती झोपलीच नाही. कुठल्या सालची पालखी, कोण वाजंत्री, कुणाची म्हैस व्यायली होती, पहाटेपर्यंत चालू होतं.

मोठेपणा मिरवणारे आम्ही खूप पाहिले. मतं मागायला हात जोडून येणारे, जयंतीला फेटा बांधून भाषण ठोकणारे. समोरच्या म्हातारीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, असं धरून चालणारी माणसं मात्र थोडी. सर त्यातलेच, झाडाचं नाव अडलं की वही घेऊन आजीपुढं येऊन बसायचे. अशी माणसं गावोगाव असतील, पण त्यांना सभेला बोलावतं कोण?

निकाल लागायचा तेव्हा लागेल. चैत्रात पालखी वर आणाल, तेव्हा दोन मुक्कामांच्या तयारीनं या. आजीनं आतापासूनच नाचणी बाजूला काढलीय. माळकऱ्यांची चूल वेगळी मांडू, त्या पोरांना तेवढं सांगा.

तुमची,
धनगरवाड्यावरची नात