पहारेकऱ्यांचं म्हातारपण

फोंडा,
श्रावणातला दुसरा रविवार

प्रिय सुहास,

नागीण सुकली, पण सदरा कमरेला लागला तरी आग होते, असं वहिनी फोनवर म्हणाल्या. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

चौथीत आपल्या दोघांना एकाच आठवड्यात कांजिण्या आल्या होत्या, आठवतं? तोच विषाणू इतकी वर्षं मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसलेला. त्याच्यावर पहारा असतो टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा. तो ढिला पडला की विषाणू पुन्हा उठतो. तुझी नागीण वजनामुळेच आली असं मी म्हणत नाही, पन्नाशीनंतर ती कुणालाही येते. पण हा पहारा वयाने आणि लठ्ठपणानेही म्हातारा कसा होतो, ते वर्गात शिकवण्यासाठी वाचत बसलो आणि तूच डोळ्यांपुढे येत राहिलास. रागावू नकोस.

छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. तारुण्यापासूनच ती आकसत जाते, तिच्या जागी चरबी भरते. खाऊ घालून लठ्ठ केलेल्या उंदरांत ही झीज लवकर होते. नव्या पेशी कमी, मग जुन्या थकलेल्यांवरच भागवायचं.

आणि पोटातली चरबी गप्प बसत नाही रे. पेशी फुगून मरू लागल्या की भक्षक पेशी त्यांना कोंडाळं करतात आणि दाह पेटवणारी द्रव्यं सोडत राहतात. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ हे असंच द्रव्य सापडलं आणि चरबी म्हणजे नुसतं कोठार, ही समजूत मोडली. म्हातारपणी शरीरात असाच दाह मंद धुमसत असतो. इटलीचे शास्त्रज्ञ क्लाउडिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली त्याला ‘इन्फ्लमेजिंग’ म्हटलं. लठ्ठपणात तो वयाची वाट पाहत नाही.

मला सगळ्यात लागलं ते लसीचं. फ्लूच्या लशीनंतर महिन्याभरात लठ्ठ माणसांतही प्रतिपिंडं चांगली चढतात, पण वर्षभरात इतरांपेक्षा जास्त घसरतात. तू तर लस घेतली की निर्धास्त असतोस.

‘मला शुगर नाही’ हे तुझं नेहमीचं उत्तर मला आता पटत नाही. आपल्याकडच्या पुरुषांना कंबरेची मर्यादा ९० सेंटीमीटर सांगतात. एकदा टेप लावून बघ, खरा आकडा मला कळव. हुमण-शीत, आपलं माशांचं कालवण-भात, सोड असं मी सांगणार नाही. रात्रीचं शीत अर्धं कर, संध्याकाळचे भजी-पाव बंद कर.

आग थांबत नसेल तर सोसत बसू नकोस, डॉक्टरांना पुन्हा दाखव. नागिणीनंतरचं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. चवथीला मी डिचोलीला येतोच. दुसऱ्या दिवशी पहाटे मयेच्या तळ्यापर्यंत चालत जाऊ, जमेल तेवढंच.

तुझा,
प्रकाश