आमच्या फेलोशिपच्या मुलांसाठी दोन दिवस दे

शहादा,
दि. १२ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कसा शेस? परवा फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉलेजात पदवीच्या मुलांसाठी आम्ही लोकसेवेची फेलोशिप सुरू केली आहे. तू म्हणशील, २०१५ मध्ये सुरू झालेली राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहेच की. आहे, आणि चांगली आहे. पण तिला पहिल्या वर्गातली पदवी लागते, वर कामाचा वर्षभराचा अनुभव. सातपुड्यातल्या मोलगीच्या पोराला तो अनुभव देणार कोण? त्याच्यापुढे एकच वाट: पुणं गाठायचं, अभ्यासिकेत खुर्ची धरायची आणि स्पर्धा परीक्षेची जाहिरात कधी निघते ते बघत बसायचं. त्यात किती जणांची उमेद गेली, हे आपण दोघांनी जवळून पाहिलंय.

आमच्याकडे शनिवारी कायदे वाचतो. सुट्टीत मुलं गावात राहून ग्रामसेवक-तलाठ्यांबरोबर काम करतात. निवड करताना मार्क बघत नाही.

धडगाव तालुक्यातली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. एका म्हाताऱ्या बाबांचा वनहक्काचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचा, दावा उपविभागीय समितीकडून ‘पुरावा अपुरा’ एवढ्याच शेऱ्यावर परत आला होता. आमची एक विद्यार्थिनी, स्वतः पावरा आदिवासी. तिने २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम काढून बाबांना समजावले. गावातल्या जाणत्यांचा लेखी जबाब हाही पुरावा. घर, बांध, विहीर या खुणाही पुरावा. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. मग ती शेतावर गेली. बाबा वडिलांनी रचलेला दगडी बांध दाखवत चालले होते, ही पावरीत विचारून मराठीत उतरवत होती. कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५ या तारखेच्या आधीपासून बाबा जमीन कसताहेत, असे दोन म्हाताऱ्यांचे जबाब घेतले, त्यांना वाचून दाखवले, मगच अंगठे. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे जायला ६० दिवसांची मुदत असते. मुदतीत अर्ज गेला, आणि पोच हातात पडेपर्यंत पोरगी टेबलापासून हलली नाही. निकाल अजून यायचाय.

उद्या ती तहसीलदार झाली, तर असा शेरा मारण्याआधी तिला तो बांध आठवेल. एवढ्यासाठी माझा हा सगळा खटाटोप आहे.

आता तुझ्याकडे मागणं. इतकी वर्षं तू महसूलमध्ये आहेस. फाइल कुठून कुठे जाते, टिपणी कशी लिहायची, हे मी पुस्तकातून सांगतो. तू ते रोज करतोस. लोकसेवा हक्क कायद्याने लोकांची कामं करून द्यायला मुदत बांधून दिली, तरी ती पाळताना नेमकं कुठे अडतं, तेही मुलांना सांग. कार्यालयांवर नुसतं चिडून भागायचं नाही, टेबलापलीकडच्या माणसाची अडचणही त्यांना कळायला हवी. आणि ती तुझ्याइतकं खरं कोणी सांगणार नाही.

दिवाळीनंतर दोन दिवस काढ. उतरायचं घरीच, तेव्हा भरताची वांगी आलेली असतील, कळण्याच्या भाकरी करू. वहिनींनाही आण. तारीख लवकर कळव, म्हणजे त्या शनिवारचा वर्ग तुझ्या नावावर टाकतो.

तुझाच,
मित्र