बोर्डाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं

चि. आशू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारणार नाही. तुमच्या बाळांच्या वॉर्डातल्या लाइटच्या बोर्डाचा विषय पुन्हा काढायचा नाही, असं तुझ्या आईने बजावलंय. नाही काढत.

वरच्या आळीतल्या तात्यांचा नातू सुखरूप घरी आला. त्यांनी पेढे दिले ते तुझ्या नावाने. खाजगीत बाळाला काचेत ठेवायचं म्हणून आधी पन्नास हजार भरा म्हणाले होते. तुला फोन केला नसता तर तात्यांनी विहिरीकडचा तुकडा काढलाच होता. सिव्हिलला फुकट होतं म्हटल्यावर ते मला काय म्हणाले माहितेय? "फुकटाचं कसलं असणार रे?" मी चिडलो. जननी-शिशु सुरक्षा २०११ पासून आहे, आजारी बाळाचं औषध, तपासणी, रक्त, न्यायची-आणायची गाडी, कशालाच पैसा पडत नाही, शिवाय फुले योजनेचं कार्ड वेगळं, असं तू सांगितलेलं सगळं त्यांना घडाघडा म्हणून दाखवलं. आणि रात्री पडल्यावर वाटलं, मला तरी कुठे पुरता भरवसा आहे? तू म्हणालीस ना, बाळांना ऊब देणारे दोन वॉर्मर एकाच एक्स्टेन्शनवर चालवतो म्हणून.

आलाच बघ विषय.

अगं, एक वॉर्मर म्हणजे जवळजवळ एक इस्त्री. आपण इस्त्री दहा मिनिटं लावतो, तुमचे वॉर्मर रात्रंदिवस चालू. त्यात फोटोथेरपीचे निळे दिवे. प्लग सैल असला की आतल्या आत तापतो, सॉकेट आधी पिवळं पडतं, मग काळं. वास येतो, पण तुम्हाला तिथे स्पिरिटच्या वासात तो कळायचा नाही. आणि खोलीत ऑक्सिजन. एरवी जी ठिणगी विझली असती ती तिथे विझत नाही. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला पहाटे बाळांच्या वॉर्डात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा तुझी परीक्षा चालू होती म्हणून मी बोललो नव्हतो. नंतर २०२४ च्या नोव्हेंबरात झाशीला तेच. मी टीव्ही बंद केला.

तू म्हणशील, अण्णा, मी नर्स आहे, वायरमन नाही. बरोबर आहे. तू एकटी, बाळं चौदा, आणि मी इथे खाटेवर बसून लाइनमनकी करतोय. परवा जास्त बोललो. "तुला काय कळतं" असं मी म्हणायला नको होतं. १८०० ग्रॅमच्या आतल्या बाळाला नळीने दूध पाजणाऱ्या पोरीला काय कळतं, असं कोण विचारतं? पण लेखी दे गं. इंचार्ज सिस्टरांच्या सहीने दे, पोच घे.

तू १३५० ग्रॅमची होतीस. १९९८ चा श्रावण. तालुक्याला पेटीच नव्हती, म्हणून खाजगीत. एकवीस दिवसांचे १८,७०० झाले, माझ्या हातात तेव्हा साडेचार हजार पडायचे. पाटल्यांचं तुला ठाऊक आहे. शेवटचे दोन हजार राहिले तर ते तुला सोडेनात. पतसंस्थेचा चेक येईपर्यंत दीड दिवस आई पायरीवर बसून होती. हे तुला तिने सांगितलं नसेल.

आणि हेही नसेल सांगितलं. सहाव्या रात्री पावसात लाइट गेली. जनरेटर होता, डिझेल नव्हतं. डीपी कोपऱ्यावरच. मी ड्युटीवर नव्हतो, परमिट नाही, हातमोजे नाहीत. तरी डीओ, म्हणजे खांबावरचे फ्यूज, खाली पाडले, डीपीतलं किटकॅट, म्हणजे फ्यूजची वाटी, ओढलं तर तार जळून गेलेली. नवी तार बांधताना बोटं ऐकेनात. मी, बारा वर्षं खांबावर चढलेला माणूस. बावीस मिनिटं लागली. वर आलो तर एक सिस्टर तुला पोलक्यात घालून, वरून स्वेटर ओढून खुर्चीत बसली होती. हलू नका, म्हणाली, आत्ता कोमट झालीये. ज्याला तुम्ही कांगारू म्हणता तेच की. तिचं नाव विचारायचंच राहिलं.

तू नर्सिंगला जाते म्हणालीस तेव्हा मी नाही म्हटलं नाही, ते तिच्यामुळे.

असो. जेवण वेळेवर कर. नाइटला सलग चौथी घेऊ नकोस, तिकडच्या पोरींना पण नाही म्हणायला शिकव. शनिवारच्या एसटीने पिशवी पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे. वर डिंकाचे लाडू आहेत, सगळ्या सिस्टरांना दे. डब्याखाली टेस्टर ठेवलाय. वॉर्मरच्या लोखंडी बॉडीला टेकवून बघ. दिवा लागला तर आधी बटण बंद, मग बाळ काढायचं, आणि मग मला फोन. कितीही वाजलेले असोत.

आईला टेस्टरचं सांगू नकोस.

तुझा,
अण्णा