देवळाली नव्हे, देवळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत १९६२ च्या युद्धावरील लेखात ‘देवळालीच्या छावणीतील चिनी युद्धकैदी’ असे शब्द छापून आले आहेत. देवळाली आपल्या नाशिकजवळची. ही छावणी होती राजस्थानात, टोंक जिल्ह्यातल्या देवळीला. मराठी वर्तमानपत्राला हे नाव अनोळखी असू नये, कारण इंग्रजांच्या काळात कॉम्रेड डांगे आणि जयप्रकाश नारायण तिथेच स्थानबद्ध होते. पण गावाच्या नावाची चूक एक वेळ सोडून देता येईल, ‘युद्धकैदी’ हा शब्द सोडून देता येणार नाही. लढताना पकडला जातो तो युद्धकैदी. देवळीला नेलेली सुमारे ३,००० माणसे म्हणजे आसाम, शिलाँग, दार्जिलिंगकडची बिऱ्हाडे होती. त्यांत म्हातारी माणसे होती, अंगावर पिणारी मुले होती आणि बहुतेकांचा जन्मही भारतातला होता. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी एक जण चिनी असला तरी त्या वेळच्या कायद्याला तेवढे पुरेसे होते.

माझे वडील तेव्हा तार खात्यात आसामातल्या तिनसुकियाला होते आणि मी चौथीत होतो. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या वडिलांचे चपला-बुटांचे दुकान होते. माझे शाळेचे बूट तळ बसवायला तिथेच दिलेले होते. नोव्हेंबरात एके दिवशी तो शाळेत आला नाही, म्हणून मी संध्याकाळी बूट आणायला गेलो, तर दाराला कुलूप, कुलपावर लाखेचे सील आणि बाहेर पोलीस. फटीतून आत पाहिले तेव्हा माझे बूट फळीवर दिसत होते, एकाला तळ बसलेला आणि दुसरा उघडा.

आईने आम्हां भावंडांना घेऊन यावलजवळचे आमचे गाव गाठले. तिथे जो तो मला चिनी लोकांबद्दल विचारी, आणि मी ओट्यावर बसून सांगत असे की माझ्या शेजारी हेराचा मुलगा बसायचा. सगळे कौतुकाने ऐकत. आजीने मात्र हातातले काम न थांबवता विचारले, “त्या पोराची माय कुठी हाये मंग?” मला उत्तर देता आले नाही. आज त्र्याहत्तराव्या वर्षीही ते खोटे माझ्या मनातून गेलेले नाही.

त्याची माय कुठे होती, हे फार उशिरा कळले. सात दिवसांचा आगगाडीचा प्रवास, वाटेत स्टेशनांवर गाडीवर होणारी दगडफेक, मग बराकी, अर्धाकच्चा भात आणि राजस्थानचा उन्हाळा, हे तिथून सुटून आलेल्यांनी सांगितले आहे. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, तरी काही कुटुंबे १९६७ पर्यंत तिथेच होती. अनेकांना चीनला धाडण्यात आले. जे परतले त्यांतल्या कित्येकांची घरे-दुकाने लिलावात गेलेली होती.

मागे एकदा आपण माझे पत्र निम्मे कापून छापले होते आणि नेमका मुद्दाच गेला होता. हे पत्र कापावयाचे झाल्यास माझ्या बुटांचा मजकूर खुशाल काढावा. दुरुस्ती मात्र त्याच पुरवणीत, त्याच पानावर यावी, आणि तीत ‘युद्धकैदी’ऐवजी ‘स्थानबद्ध कुटुंबे’ असे शब्द असावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, भुसावळ