डेलावेअरहून, थोडं सविस्तर

जॉर्जटाऊन, डेलावेअर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई जेवणावर घसरते, म्हणून लिहितेय. दादा वाचून दाखवेल. आईचा चष्मा अजून बदललेला नसणार, हे मला माहीत आहे.

न्यू जर्सीतली, एडिसनची नोकरी मी सोडली. इथे घर भाड्याने घेतलंय, सामान लागलंय, तेव्हा "पुन्हा एकदा विचार कर" म्हणू नका. नवं काम डेलावेअर राज्यातल्या जॉर्जटाऊनला आहे. कोंबड्यांचे आजार ओळखणारी प्रयोगशाळा. हो, कोंबड्यांचंच काम. "या घरातलं कुणी पुन्हा कोंबडीला हात लावणार नाही" हे बर्ड फ्लूनंतर बाबा कुठे उभं राहून म्हणाले होते, तेही मला आठवतंय. तरीही घेतलं.

आधी गाव सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. डेलावेअर म्हणजे केवढं? आपल्या धुळे जिल्ह्याहूनही लहान. अख्ख्या राज्यात तीन काउंट्या, माणसं दहा लाखांच्या आसपास. वरून खालपर्यंत दीडशे किलोमीटर, की संपलं. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून १३७ मीटर, तीही उत्तरेच्या टोकाला. आमच्या ससेक्स काउंटीत तर टेकडी औषधालाही नाही. सपाट रेताड जमीन, मका, सोयाबीन आणि मधेमधे लांबच लांब शेड. बाबा, गाडीतून बघताना पहिल्यांदा मला आपला सुरत रस्ताच वाटला, फक्त माणसं कमी.

उत्तरेला विल्मिंग्टन. तिथे बँका आणि वकील. १९८१ साली राज्याने कायदा करून व्याजाची मर्यादा काढली, तेव्हा क्रेडिट कार्डाचा धंदा करणाऱ्या बँका तिकडे गेल्या. अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या कागदोपत्री इथल्याच. नोंदलेल्या कंपन्या वीस लाखांवर, म्हणजे माणशी दोन. राज्याच्या तिजोरीत त्यांच्या फीचा मोठा वाटा, आणि दुकानात विक्रीकर शून्य. बाबा, तुम्ही आयुष्यभर ज्याच्या नावाने बोटं मोडलीत तो कर इथे नाहीच. किंमत लिहिलेली तेवढेच पैसे. पहिल्या दिवशी मी बिल उलटंपालटं करून पाहत होते.

पण राज्याला आडवा कापणारा कालवा ओलांडून खाली आलं की वेगळंच राज्य. इकडची माणसं सावकाश बोलतात, वाटेत गाडी थांबवून विचारपूस करतात. ससेक्स म्हणजे ब्रॉयलरचं, मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं, माहेर. १९२३ साली ओशन व्ह्यू गावच्या सेसिल स्टील या बाईने अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली, चुकून पाचशे आली. तिने परत पाठवली नाहीत, वाढवली. अठरा आठवड्यांनी जेमतेम दोन पौंडांची झाली, तेव्हा जगलेल्या ३८७ कोंबड्या पौंडाला ६२ सेंटने विकल्या. तीन वर्षांत तिची दहा हजारांची शेड उभी! तिची पहिली शेड डोव्हरच्या शेतीच्या संग्रहालयात जपून ठेवलीय. आई, तूही पहिली पिल्लं बाबांना न विचारता आणली होतीस ना? हे बाबांनी वाचलं तरी चालेल, आता वीस वर्षं उलटून गेली.

आज या डेलमार्व्हा द्वीपकल्पात, म्हणजे डेलावेअर, मेरिलँड आणि व्हर्जिनियाचा तुकडा मिळून, वर्षाला साठ कोटींच्या आसपास कोंबड्या तयार होतात. सगळं करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. शेड, कर्ज आणि खत शेतकऱ्याचं. ऐकल्यासारखं वाटतंय ना? मरतूक वाढली की रात्री झोप न लागणं इथेही तेच.

आता मुद्द्याचं. २००४ च्या फेब्रुवारीत, आपल्याकडे आला त्याच्या दोन वर्षं आधी, इथे बर्ड फ्लू आला होता. विषाणू वेगळा, पण धसका तोच. डेलावेअरमधल्या दोन फार्मवर सापडला. तिथले सगळे पक्षी मारले, भोवतालच्या फार्मचे नमुने तपासत राहिले, आणि डेलावेअरमध्ये तो पुढे पसरला नाही. गेल्या वर्षी जानेवारीतही, २०२५ मध्ये, केंट काउंटीत पुन्हा आला. बाबा, आपला नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत गेला होता. निकाल यायच्या आधीचे ते दिवस तुम्ही ओट्यावर बसून काढलेत आणि आम्हाला शाळेत पाठवलंत. इथे शेतकरी पहाटे मेलेले पक्षी पिशवीत घालून स्वतः गाडीने आणून देतो. त्या टेबलाच्या या बाजूला कुणीतरी बसलेलं असतं. मला तिथे बसायचं होतं, एवढंच कारण आहे. पगार एडिसनहून कमी आहे, पण भाडंही कमी आहे आणि लोकलच्या धक्क्यातून सुटका, असा मी हिशेब केलाय. दादाला पाठवलाय, तो तुम्हाला समजावेल.

काळजीचं काही नाही. शेडमध्ये जाताना नवा सूट, बुटांवर प्लास्टिक, बाहेर आल्यावर अंघोळ. तुम्ही आम्हाला चुन्यातून पाय बुडवून घरात घ्यायचात, त्याहून कडक.

आई, खाणं. इथल्या कारखान्यांत काम करणारे बरेच लोक ग्वाटेमाला आणि हैतीचे. त्यांच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या, हिरव्या मिरच्या, कच्ची पपई, लिंबं, सगळं मिळतं. मालकीण मिरची तोंडाने मोडून तिखट आहे का ते दाखवते. तुरीची डाळ आणि ज्वारीच्या पिठासाठी मात्र दीड तास उत्तरेला जावं लागतं. जाते तेव्हा होकेसिनला महालक्ष्मीच्या देवळातही जाऊन येते. आवारात पंचवीस फुटी मारुती आहे, अखंड दगडाचा, तेलंगणातून जहाजाने आणलेला. शनिवारी तेल वाहता येतं का, ते विचारून सांगते.

अजून एक गंमत. खाली सीमेवर डेलमार नावाचं गाव आहे, अर्धं डेलावेअरमध्ये, अर्धं मेरिलँडमध्ये. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. सहकाऱ्यांना मी नवापूर स्टेशनाचा फोटो दाखवला, एका बाकावर महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही. आता मी त्यांच्यात बसते.

आणि बाबा, जॉर्जटाऊनला दर दोन वर्षांनी, निवडणुकीनंतरच्या गुरुवारी, जिंकलेला आणि हरलेला उमेदवार एकाच बग्गीत बसून मिरवतात. मग एक कुऱ्हाड वाळूत पुरतात, म्हणजे वैर संपलं, आणि सगळं गाव जेवतं. नोव्हेंबरात बघायला जाणार आहे. बाजार समितीची ती निवडणूक होऊन किती काळ लोटला? अण्णाकाका रस्त्यात दिसले की तुम्ही औषधाच्या दुकानात शिरता, हे मला औषधवाल्याच्या मुलीनेच सांगितलंय. फोन करा त्यांना. मी सांगितलं म्हणून करा.

पुढच्या दिवाळीला येणं जमेलसं दिसत नाही. नव्या नोकरीत रजा उशिरा साठते. म्हणूनच तुम्हीच मे-जूनमध्ये या. आई, पंचांग बघून ये: अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला इथल्या खाडीवर हॉर्सशू क्रॅब नावाचे जीव हजारोंनी किनाऱ्यावर येतात, अंडी घालायला. त्यांचं रक्त निळं असतं, आणि इंजेक्शनं, लशी निर्धोक आहेत का ते तपासायला वापरतात. बाबा, इन्सुलिन टोचून घेताना नाक मुरडता, तेव्हा त्या बिचाऱ्यांची आठवण ठेवा. खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. कमोडला धरायला दांडी बसवून घेतलीय. बाबांना सकाळी पेपर मिळणार नाही, पण मक्याच्या शेतापर्यंत जायला सपाट रस्ता आहे.

तोवर: अनवाणी ओट्यावर जायचं नाही. रोज रात्री तळपाय आईने बघायचे, बाबांनी "दिसतंय मला" म्हणायचं नाही. आईने गुडघ्याची तारीख पुढे ढकलायची नाही, लग्नसराई संपेपर्यंतसुद्धा नाही. लुना विकून टाका. बाबांच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. दादाबरोबर जाऊन अर्ज भरा, फोटो नवीन काढा, आणि फोटोत टोपी घालू नका, चालत नाही.

तुमची
सोनू

ता. क. बिबड्या पाठव, पण डब्यात. मागच्या वेळी चुरा झाला होता.