'साठी' आणि 'च्या'

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. अपंग व्यक्तींसाठी संस्था काढायचे तू मनावर घेतले आहेस, घटनेचा मसुदाही पाठवला आहेस आणि त्यावर माझे मत मागितले आहेस. मसुदा मी दोनदा वाचला. उद्दिष्टे चांगली आहेत, भाषा स्वच्छ आहे. पण विश्वस्त म्हणून दिलेल्या सात नावांमध्ये जिना पाहून थांबावे लागणारे किंवा छापील कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणारे एकही माणूस नाही. हे पत्र मुख्यतः त्या सात नावांविषयी आहे.

मी ज्या संस्थेत इतकी वर्षे काम केले, तिथेही सुरुवातीला हेच झाले होते. पहिली मोठी देणगी मिळाली तेव्हा आम्ही कार्यालयाच्या दारात रॅम्प बांधला. उद्घाटनाला व्हीलचेअर वापरणाऱ्या एका ताईंना बोलावले होते. त्या रॅम्पच्या पायथ्याशी थांबल्या आणि त्यांनी शांतपणे विचारले, "जोत्याची उंची किती आहे?" कोणालाच सांगता येईना. टेप आणून मोजले, तर जोते 45 सेंटीमीटर आणि रॅम्प जेमतेम अडीच मीटर. एक सेंटीमीटर चढण्यासाठी बारा सेंटीमीटर लांबी, म्हणजे 1:12, हे प्रमाण जगभर मानले जाते. त्या हिशेबाने रॅम्प 5.4 मीटर हवा होता. शिवाय दार बाहेरच्या बाजूला उघडत होते आणि ते उघडेपर्यंत खुर्ची स्थिर उभी राहील एवढी सपाट जागा वर सोडलेलीच नव्हती. शेवटी दोघांनी मागून जोर लावून त्यांना वर नेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "उतरताना खुर्ची कोण धरणार, ते आधी ठरवून ठेवा."

आमच्याकडे पैसा होता, अभियंता होता, तळमळही होती. बांधायच्या आधी त्यांना किंवा त्यांच्यासारख्या कोणालाही अर्धा तास बोलावून विचारायचे मात्र आम्हाला सुचले नव्हते. तो रॅम्प नंतर फोडून नव्याने बांधावा लागला, आणि कार्यकारिणीही आम्ही त्याच वर्षी बदलली.

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार 13 डिसेंबर 2006 रोजी स्वीकारला गेला. त्याचे नववे कलम सुगम्यतेविषयी, म्हणजे इमारती, वाहतूक, माहिती अपंगांनाही वापरता येण्याविषयी, आहे आणि तेच नेहमी उद्धृत होते. तू मात्र चौथ्या कलमाचा तिसरा परिच्छेद वाच. अपंग व्यक्तींशी संबंधित कायदे आणि धोरणे ठरवताना त्यांच्याशी, त्यांच्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत, निकटचा विचारविनिमय केला पाहिजे, असे बंधन तिथे सरकारांवर घातले आहे. कराराच्या समितीने 2018 मध्ये त्यावर भाष्य करताना 'अपंगांच्या संस्था' आणि 'अपंगांसाठीच्या संस्था' असा स्पष्ट भेद केला. ज्यांचे नेतृत्व आणि कारभार अपंग व्यक्तींच्याच हाती असतो आणि सभासदांमध्येही त्यांचेच स्पष्ट बहुमत असते, त्या पहिल्या प्रकारच्या. तुझा मसुदा आज दुसऱ्या प्रकारात बसतो. तशा संस्थाही पुष्कळ चांगले काम करतात, हे मी नाकारत नाही. पण सरकारने मत विचारायला बोलावले, तर अपंगांच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुझ्या सात विश्वस्तांना कुठून येणार?

हा भेद केवळ कागदावरचा नाही. अमेरिकेत बर्कले येथे 1972 मध्ये स्वतः अपंग असलेले कार्यकर्ते एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र उभे केले, ते अपंगांनी स्वतः चालवायचे म्हणूनच. त्या देशात सरकारी पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करणारी तरतूद 1973 मध्येच झाली होती, पण तिचे नियम जवळजवळ चार वर्षे सहीवाचून पडून होते. एप्रिल 1977 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्त्या ज्युडिथ ह्यूमन यांच्यासह शंभराहून अधिक माणसे सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत जाऊन बसली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ हलली नाहीत. फोन तोडले गेले, तेव्हा आतली बधिर माणसे खिडकीतून सांकेतिक भाषेत बाहेरच्यांना निरोप देत राहिली. इतर चळवळींतल्या लोकांनी जेवण पुरवले. 28 एप्रिलला नियमांवर सही झाली. ज्यांची औषधे, खाटा आणि मदतनीस घरी राहिले होते, त्यांनी हे निभावले. इतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणाच्या हक्कासाठी मी बसलो असतो का, असा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे.

आता एक छोटी गोष्ट, कारण ती तुझ्याकडून पहिल्याच आठवड्यात घडू शकते. आम्ही एका सभेची सूचना स्कॅन करून सर्वांना मेलने पाठवली. आमच्या एका अंध सभासदाने फोन करून मला त्यांचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी संगणकप्रणाली, ऐकवला. त्यातून फक्त 'प्रतिमा' एवढा एक शब्द आला आणि पुढे शांतता. सभेचा विषय अंध विद्यार्थ्यांची पुस्तके हाच होता. तीच सूचना टाइप करून पाठवायला दहा मिनिटे लागली. मसुद्यातले 'माहितीची सुगम्यता' हे कलम एवढ्या साध्या सवयींवर उभे राहते.

सामुदायिक स्वास्थ्याविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, ती वाढव. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 130 कोटी माणसे, म्हणजे सहापैकी एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. त्यांतल्या अनेकांबरोबर घरात काळजी घेणारेही कोणी असते. आमच्या सर्व उपक्रमांत सर्वाधिक टिकला तो काळजी घेणाऱ्यांचा महिन्याचा गट. तिथे भाषण नसते, तज्ज्ञ नसतो. माणसे येतात, दोन तास बोलतात, आणि त्या वेळात घरचे पाहायला कोण थांबेल याची सोय संस्था करते. ही सोय नसती, तर एकही जण आला नसता.

देणगीदारांसाठी छायाचित्रे काढण्याविषयी तू विचारले आहेस. ज्याचे छायाचित्र आहे, त्याला सोबतचा मजकूर आधी वाचून दाखव आणि त्याने नको म्हटले तर वापरू नकोस. याहून अधिक त्यात काही नाही.

घटना नोंदवण्याची घाई करू नकोस. सातपैकी किमान चार जागा मोकळ्या कर, त्यांत तुझीही जागा जाऊ शकते हे धरून चाल, आणि त्या कोणी भराव्यात हे पहिल्या सभेत येणाऱ्यांनाच ठरवू दे. त्या सभेला सांकेतिक भाषेचा दुभाषी लागेल. त्याचे मानधन 'इतर खर्च' मध्ये न टाकता अंदाजपत्रकात वेगळे दाखव. सभेची जागा ठरली की मला कळव. आदल्या दिवशी मी टेप घेऊन येतो, दारे आणि उतार आपण दोघे मोजू, आणि त्या ताई मोकळ्या असतील तर त्यांनाही बरोबर आणतो.

तुझा स्नेहांकित मित्र